बिनखुणेची कॉलर

४ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता इतका देखणा होता, की पोस्टमनने आधी मलाच विचारलं, "कोर्टाचं काही लफडं नाही ना?" पोस्टात बसून लोकांचं गिचमिड अक्षर लावायची नोकरी तुमची, आणि स्वतःचं अक्षर मात्र छापल्यासारखं! आपल्या घरात हे अक्षर आलं कुठून, हा प्रश्न तुमच्या दादांना अजून सुटलेला नाही. पूल बंद होऊन तुम्ही राजधानीच्या बाजूला अडकलात त्याला आता वर्ष होईल. इतक्या दिवसांत तुम्ही आठ पत्रं पाठवलीत आणि आठांतही प्रकृतीचं काही लिहिलं नाहीत. जेवता की नुसता चहा पिता?

इकडची खबर अशी, की मंगळवारी सकाळी तुमच्या बाजूच्या विमानांनी आमच्यावर कागद टाकले. हो, कागदच. सगळी गल्ली पांढरी झाली. छकुलीच्या शाळेतली पोरं गोळा करत धावत सुटली. त्यावर लिहिलंय, 'नागरिकहो, आमचं तुमच्याशी वैर नाही. तुमच्या पुढाऱ्यांना शरण यायला सांगा, नाहीतर तुमची गोदामं, गिरण्या, बाजार जळतील.' कागद मात्र झकास, जाड, आणि एक बाजू कोरी. तुमच्या दादांनी दोन टोपल्या भरून आणले आणि आपल्या लाँड्रीत इस्त्री केलेल्या शर्टांच्या कॉलरमध्ये घडी करून घालायला सुरुवात केली. आपल्याकडचा पुठ्ठा संपूनच महिना झाला होता. आता गावातला प्रत्येक मास्तर आणि वकील शत्रूचा इशारा मानेभोवती गुंडाळून हिंडतोय. दादा म्हणाले, "वर्षभरात कॉलर इतकी ताठ कधी उभी राहिली नव्हती. धाकट्याला कळव, आणखी टाकायला सांग."

पुलापलीकडे टपाल नेणाऱ्या मदतसंघाच्या थैलीतून एकच पान जातं, म्हणून बारीक लिहितेय. इकडचा तपासनीस मेलेल्यांची नावं आणि आकडे लिहू देत नाही, बाकी संसाराचं काय हवं ते लिहा म्हणतो. तसंही सासूबाईंचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, वाईट बातमी पाकिटात घालायची नाही.

तुमचा निळा शर्ट सापडला. गिऱ्हाइकांच्या ढिगात दोन महिने पडून होता. घरच्या कपड्यांना आपण खूण घालत नाही, त्याचा हा परिणाम. बाकी गावाच्या प्रत्येक कॉलरवर नंबर, आपल्याच कपड्यांना वाली नाही.

तुमची वहिनी

(खाली दादांच्या हातचं: वहिनी सांगते ते सगळं खरं धरू नकोस. कागद मी तीन टोपल्या आणले. — दादा)


१३ मार्च

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून ऑफिसात पोट धरधरून हसलो. शेजारच्यांनी विचारलं काय झालं, तर कॉलरचा किस्सा सगळ्यांना वाचून दाखवला. आमचे साहेब पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचे, भला माणूस. तेही खिडकीशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी ताठ कॉलरची ती ओळ दोनदा वाचायला लावली.

माझं टेबल बदललंय. अजून पोस्टातच आहे, पण वरच्या मजल्यावर. काम तेच, वाचायचं. इकडे सरकारने घड्याळं एक तास पुढे केली आहेत, वीज वाचावी म्हणून. मी जुन्या सवयीने उठतो आणि रोज उशिरा पोचतो.

आता जरा मोकळेपणाने लिहितो, रागावू नका. त्या कागदांची थट्टा ठीक आहे, पण त्यामागे वाईट हेतू नाही. साहेब म्हणतात, समोरासमोरच्या लढाईत वीस हजार पोरं मरतील. त्यापेक्षा माल जाळावा. गोदाम पुन्हा बांधता येतं. आधी इशारा द्यायचा, माणसं बाजूला झाली की मग वस्तूवर घाव. लोक कंटाळतील, आपल्या पुढाऱ्यांचे कान धरतील आणि लढाई वर्षभर आधी संपेल. मला यात खोट दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात तुमच्या बाजूने आमची धान्याची कोठारं जाळली तेव्हा आम्हाला इशाराही मिळाला नव्हता. तीन महिने आम्ही कोंडा खाल्ला.

दादाला सांगा, काही दिवस लाँड्री बंद करा आणि सरहद्दीपलीकडे आत्याकडे जा. तिचं घर मोठं आहे, आणि तिला भांडायला माणूस हवंच असतं.

धाकटा


२४ मार्च

भाऊजी,

तुमच्या पत्रातल्या चार ओळी इकडच्यांनी काळ्या केल्या होत्या. उरलेल्या वाचल्या आणि पुरे झालं.

मी फार शिकलेली नाही, पण मला एक सांगा. आम्ही पुढाऱ्यांचे कान धरायचे म्हणता, ते धरायला हात पोचावा लागतो ना? त्यांच्या बंगल्याबाहेर आमच्या आळीतल्या बायका साबणासाठी उभ्या राहिल्या, तर शिपायाने बादलीभर पाणी ओतलं अंगावर. साबण नाही, पण धुऊन मात्र निघालो! साबणाचं आणि सोड्याचं गोदाम गेलं. आता राखेने धुतो. इस्पितळाच्या चादरी रोज दीडशे येतात, त्यांचे डाग राखेला जुमानत नाहीत. समोरच्या शिवणवालीचं यंत्र जळालं. बाई शाबूत आहे. तुमच्या साहेबांचं बरोबरच म्हणायचं, घाव वस्तूवर बसला. आता ती शाबूत बाई दिवसभर रिकामे हात मांडीवर घेऊन माझ्या पायरीवर बसते, आणि मी कामात असले तरी उठ म्हणवत नाही.

आणि कोठारांचं म्हणाल, तर तुमचं तेव्हाचं पत्र माझ्या डब्यात आहे. काढून पाहिलं. तुम्ही लिहिलं होतंत, "कोंडा खाऊन सगळे इतके चिडलेत, की आमच्या चाळीतले नऊजण दुसऱ्या दिवशी सैन्यात भरती झाले." तुम्ही तेव्हा कुणाचे कान धरलेत? तुम्हाला जे झालं ते आम्हाला होणार नाही, असं का वाटतं? आम्ही काय वेगळ्या मातीचे?

पालिकेची माणसं हल्ली रोज येतात. कापडाचे तुकडे दाखवतात, मी खुणांची वही उघडून नंबर वाचून देते.

तुमच्या दादांचा हात बॉयलरला भाजलाय, म्हणून या वेळी खाली त्यांची ओळ नाही. पण निरोप आहे. म्हणतात, "धाकट्याला सांग, साबण गेला तरी चिंता नको, आता सगळ्यांचे कपडे सारखेच मळके, कुणी कुणाला नावं ठेवत नाही." छकुली बरी आहे. तिच्या वहीत तिने विमानाचं चित्र काढलं आणि त्याला कपड्यांचे चिमटे लावून दोरीवर टांगलंय.

तुमची वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र थैलीतून नाही. मदतसंघाच्या नर्सबाई दर गुरुवारी पूल ओलांडतात, त्यांच्या हाती देतोय. त्यांना झडती नसते. उत्तरही त्यांच्याचकडे द्या.

मी कोणतं काम करतो ते तुम्हाला सांगितलं नाही, कारण विचारलं नव्हतंत. खरं म्हणजे सांगायला जीभ रेटत नव्हती. आता सांगतो. तुमच्या बाजूची सगळी पत्रं आमच्याकडे उघडली जातात. मी ती वाचतो. वाकडंतिकडं अक्षर मला लागतं, म्हणून निवडलं. आम्ही गुपितं शोधत नाही. आम्ही लोकांचा धीर मोजतो. प्रत्येक आळीचा एक तक्ता आहे आणि त्यात चार रकाने, रड, राग, रोजचं आणि थट्टा. पत्र वाचायचं आणि त्या त्या रकान्यात रेघ मारायची.

तुमच्या कॉलरच्या किश्श्याने कमाल केली. साहेबांनी तो अहवालात घातला, वरपर्यंत गेला. मला त्यानंतर हातांची खुर्ची मिळाली. तुम्हाला हसू येईल, पण अख्ख्या मजल्यावर हातांच्या खुर्च्या तीनच आहेत. दादाला सांगा, तुझ्या विनोदावर धाकटा बसलाय.

आणि इशाऱ्याच्या कागदावर वेळ छापायची कल्पना माझी. पूर्वी नुसतं 'लवकरच' असायचं. मी म्हटलं, माणसांना तास सांगा, म्हणजे ती बाजूला होतील. साहेबांनी लगेच मानलं. साबणाच्या गोदामाचा कागद मीच लिहून दिला, 'दुपारी बारा वाजता'. निदान तेवढं तरी मी चांगलं केलं असं मला वाटतं. तुमच्या पत्रात शिवणवाली शाबूत आहे हे वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

पण तुमचं ते पत्र वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. तुमचा माझ्यावरचा राग मी 'राग' मध्ये टाकला. दादाचा निरोप आला तो दोनदा वाचला. मग 'थट्टा' मध्ये रेघ मारली. नियम तसा आहे. साहेब म्हणाले, "तुमच्या वहिनींच्या आळीचा कणा ताठ दिसतोय." ते कौतुकाने म्हणाले की कसं, ते मला कळलं नाही.

दादाच्या हाताला काय लावताय? लोणी लावू नका, त्याने चिघळतं.

धाकटा


९ एप्रिल

भाऊजी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

म्हणजे मी इकडे तुम्हाला काळजी नको म्हणून हसवत होते, आणि तुम्ही तिकडे रेघा मारत होतात.

मला रागवायला वेळ नाही. फक्त विचारते, नीट उत्तर द्या. साहेबांना विचारून द्या, मनाने नको. आम्ही हसतो म्हणून आमच्यावर पुन्हा घाव येणार का? तसं असेल तर आम्ही रडू. मी आळीतल्या प्रत्येक घराला सांगते, सगळ्यांना रडकी पत्रं लिहायला लावते. खोटं रडायची गरजही नाही. पालिकेची माणसं ते तुकडे कशाला आणतात ते थैलीतून लिहिता येत नव्हतं. जळालेल्या माणसाची ओळख पटत नाही, पण कॉलरची शिवण जाड असते, तिच्यावरची आपली शाई जात नाही. मी नंबर वाचते, वहीत नाव बघते, आणि मग पालिकेचा माणूस त्या घरी जातो. मागच्या आठवड्यात सव्वीस तुकडे. छप्पन्न नंबरचे मास्तर, एकशे चारचे पेटीवादक, दोनशे अकराची त्यांची सून. माझ्याच हाताने घातलेले नंबर. शाई पक्की असावी म्हणून मी किती मिजास करायचे, आठवतं ना?

तर सांगा. रडलो तर थांबतील का? आणि गप्प बसलो, एकही पत्र धाडलं नाही, तर?

दादांचा हात तसाच आहे.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

साहेबांना विचारलं. सहज विचारल्यासारखं, चहा पिताना.

ते म्हणाले, हसत असतील तर मार कमी पडला, वाढवायचा. मी विचारलं, रडत असतील तर? ते म्हणाले, मग औषध लागू पडतंय, मात्रा सोडायची नाही. मी म्हटलं, आणि साहेब, गप्प बसले तर? ते हसले. म्हणाले, "गप्प बसले म्हणजे मोडायला आलेत. तेव्हाच तर जोर लावायचा."

मी उरलेला चहा न पिता जागेवर येऊन बसलो. चारही रकान्यांच्या खाली उत्तर एकच आहे, आणि इतके दिवस मी त्यांच्यात रेघा मारतोय. तुम्ही काय लिहावं ते मला सांगता येत नाही. तुम्ही काहीही लिहा.

पुढचं नीट वाचा आणि हा कागद जाळा. नव्या यादीत तुमची गल्ली आहे. साहेबांचं म्हणणं, माणूस धुतलेला शर्ट घालतो तोवर तो हरलेला नसतो, म्हणून आता लाँड्र्या, हमामखाने आणि ब्रेडच्या भट्ट्या. हे त्यांना कशावरून सुचलं ते मी लिहायला नको. त्यांच्या टेबलावर तुमचं कॉलरचं पत्र आहे, त्याला लाल पेन्सिलने चौकट केली आहे. धुराडं हीच खूण धरणार.

पंचवीस तारीख, शनिवार, दुपारी दोन. या वेळी कागद टाकणार नाहीत. 'इशाऱ्याने परिणाम कमी होतो' असं ठरलंय. त्याआधी निघा. दादाला खेचून न्या. बॉयलर जाऊ दे, वही जाऊ दे, सगळं जाऊ दे. तुमच्या पाया पडतो.

धाकटा


२३ एप्रिल

भाऊजी,

हे पत्र आणि छकुली, दोघांना नर्सबाईंच्या स्वाधीन करतेय. त्या तुमच्याकडून छकुलीला पुढे आत्याबाईंकडे पोचवतील. तिच्यासमोर पत्र वाचू नका.

तुम्ही दुपारचे दोन लिहिलंत. म्हणजे आमचा एक. आम्ही आता वजाबाकी शिकलो आहोत.

एकोणीस मार्चला सकाळी दहाला साबणाच्या गोदामाचा कागद पडला. त्यावर बारा वाजता असं छापलं होतं. तुमचे दादा म्हणाले, "चांगले लोक दिसतात, दोन तास दिलेत. एक खेप सोडा आणतो, इस्पितळाच्या चादरींना होईल." हातगाडी घेऊन निघाले. आमच्या घड्याळात अकरा वाजले आणि विमानं आली. तुमच्याकडे तेव्हा बारा वाजले होते, नाही का? तुमची घड्याळं पुढे आहेत हे मला माहीत होतं, तुम्ही लिहिलेलं पत्र माझ्याच डब्यात होतं. मी तरी कुठे जोडून पाहिलं! तुमची चूक तशी माझीही. पण घड्याळं वेगळी आणि कागदावर एकच वेळ, हे दोन सरकारांत कुणाच्याच लक्षात येऊ नये?

संध्याकाळच्या आत पालिकेचा माणूस आला. अठरा तुकडे होते. सतराचे नंबर मी वाचून दिले. अठराव्यावर काहीच नव्हतं. तो म्हणाला, "बाई, हे तुमच्याकडचं नसणार, खूण नाही." मी म्हटलं, द्या इकडे. गावात बिनखुणेचा शर्ट घालणारं घर एकच आहे.

तुम्हाला कळवलं नाही. आधी नियम आड आला, सासूबाईंचाही आणि तपासनिसाचाही. मग नर्सबाईंची वाट उघडली तेव्हा लिहायला बसले होते, पण तुम्ही खुर्चीबद्दल लिहिलं होतंत. कागद मिटून ठेवला. आणि नंतर तुमच्याकडून उत्तर हवं होतं. तुम्ही कोसळला असतात तर साहेबांना कुणी विचारलं असतं? चोवीस मार्चच्या पत्रातली दादांची थट्टा माझी होती. त्यांच्या आवाजात लिहिताना बरं वाटायचं. वाटायचं, अजून चार ओळी लिहिल्या तर बाहेरून येऊन म्हणतील, वहिनी सांगते ते खरं धरू नकोस. तुम्ही अक्षरं ओळखणारे, पण जे लिहिलेलंच नाही ते तुम्हाला वाचता आलं नाही. मी दोष देत नाही. खूप राग येतो, पण दोष देत नाही.

तो तुकडा पाकिटात आहे. ओळखा.

आता शनिवारचं. मी सगळ्या गल्लीला सांगितलं. कुठून कळलं ते सांगितलं नाही. शुक्रवारी रात्र पडायच्या आत सगळे नदीकाठच्या विटांच्या भट्टीत जातील, इस्पितळातले चालू शकणारे पेशंटही तिथेच आहेत. अडचण एकच आहे. मागे ब्रेडवाल्यांनी गल्ली सोडली होती, तेव्हा ती ओस दिसल्यावर विमानं वळली आणि जिथे माणसं दिसली तिथे बॉम्ब टाकून रिकामी झाली. म्हणून आमची गल्ली नांदती दिसायला हवी. मी बॉयलर पेटवणार. ओला भुसा घातला की धुराडं तीन तास काळं सोडतं, कुणी जवळ थांबावं लागत नाही. आणि दोऱ्या भरणार. गिऱ्हाइकांचे न नेलेले शर्ट आहेत दोनशेच्या वर. ज्यांची कॉलर माझ्याकडे परत आली, त्यांचेही आहेत. ते आता न्यायला कुणी येणार नाही. छपरांवर, गच्चीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळे टांगते. मास्तर, पेटीवादक, त्यांची सून, सगळे उन्हात वाळतील. तुमच्या साहेबांना हवी तितकी स्वच्छता दिसेल.

दहाला भुसा घालणार, अकराला निघणार. काळजी करू नका. मी बावीस वर्षं बॉयलर सांभाळतेय.

छकुलीच्या फ्रॉकच्या कॉलरला मी आतून खूण घातली आहे. नंबर एक. माझ्याही पोलक्याला तोच. घरच्या कपड्यांना खूण नको, हा नियम तुमच्या दादांचा. तो मी मोडला.

एवढं कराल? हे पत्र तरी कुणाला वाचून दाखवू नका.

वहिनी


१३ मे

वहिनी,

हे कुठल्या पत्त्यावर लिहावं कळत नाही. उद्या गुरुवार, नर्सबाईंकडे देतोय. त्या म्हणतात, भट्टीतले लोक तीन गावांत पांगलेत, कोण कुठे आहे याची यादी अजून झाली नाही.

तुकडा ओळखला. उजव्या टोकाला दादाची दाढी घासून घासून विरलेलं असायचं, तसंच आहे. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी त्या हातांच्या खुर्चीत होतो. मग उठलो आणि पुन्हा बसलो नाही.

पण ऑफिस लगेच सोडलं नाही. शनिवार होता. पळून गेलो असतो तर साहेबांना संशय आला असता आणि यादी बदलली असती. म्हणून उभ्याने काम केलं. साहेबांनी विचारलं, तर सांगितलं पाठ धरलीय. दोन वाजले तेव्हा मी टेबलाची कड धरून उभा होतो आणि समोरच्या पत्रात कुणीतरी बटाट्यांबद्दल लिहिलं होतं.

सोमवारी विमानातून काढलेले फोटो आले. साहेबांनी मलाच बोलावलं, तुमची नजर चांगली म्हणून. पहिल्या फोटोत धुराड्याचा काळा पट्टा आणि सगळीकडे पांढरे ठिपके, ओळीने. दुसऱ्यात काहीच नाही, सगळा धूर. साहेब म्हणाले, "काय लोक आहेत! शेवटपर्यंत धुणं वाळत घालत होते." मी पहिला फोटो भिंगाखाली धरला. पांढरे सगळे ठिपके शर्टांचे. पण लाँड्रीच्या छपरावर, धुराड्याच्या पायाशी, एक काळा ठिपका आहे. तो पत्र्याचा डबा असेल. भुशाचं पोतं असेल. सावलीही असेल, त्या वेळी सावली त्याच बाजूला पडते. मी अर्धा तास पाहिलं. आजवर एक अक्षर असं नव्हतं की जे मला लागलं नाही, वहिनी. हा ठिपका मला लागत नाही.

साहेबांनी विचारलं, "हे माणूस आहे का?" मी म्हटलं, "दिसत नाही." ते म्हणाले, "मग लिहा, भागात वर्दळ होती, धीर कायम. नदीकाठ पुढच्या यादीत घेऊ." मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, साहेब, हे मी लिहिणार नाही. ते म्हणाले, तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरा लिहील. बरोबर होतं त्यांचं. त्या दुपारी दुसऱ्याने लिहिलं असणार. तेवढ्यात मी नर्सबाईंना गाठून नदीकाठाचं सांगितलं, म्हणून भट्टी रिकामी झाली. मग राजधानीत राहण्यात अर्थ नव्हता. आता आत्याकडे आहे. माझ्या नावाने वॉरंट निघालंय, असं आत्या अभिमानाने सांगते सगळ्यांना.

छकुली बरी आहे. आत्याशी भांडते, दोघींचं छान जमलंय. परवा तिने कॉलर उलटी करून नंबर दाखवला आणि म्हणाली, "काका, आईचा पण एक आहे. हरवली तर ह्याच्यावरून सापडेल." मी हो म्हटलं.

इथल्या सरहद्दीच्या पुलावरून गुरुवारी माणसं येतात, बायका, म्हातारे, बोचकी घेतलेले. मी कठड्याशी उभा असतो आणि प्रत्येक बाईच्या कॉलरकडे बघतो. आधी लोक चमकायचे, आता त्यांना कळलंय. काहीजणी जवळ आल्या की स्वतःच मान वाकवून दाखवतात. छप्पन्न नंबर पाहिला, मास्तरांची मुलगी. एकशे नव्वद पाहिला. दोनशे बारा पाहिला. त्या सगळ्या म्हणतात, शुक्रवारी त्या निघाल्या तेव्हा तुम्ही छपरावर दिसल्या होतात, शर्ट सारखे करत होतात, वारा सुटला होता.

वहिनी, अकरा वाजता निघायचं ठरलं होतं ना? एक ओळ पाठवा. हवी तर थट्टेची. आता कुणालाही वाचून दाखवणार नाही.

धाकटा